माणूस मधी बसवायचा

काकांच्या घरात सुतळीनं न बांधलेल्या अशा फक्त काकू होत्या. बाकी सगळं बांधलेलं. चष्म्याची दांडी सुतळीनं कानामागे अडकवलेली, छत्रीची मूठ सुतळीनं जखडलेली, फाटकाच्या कडीला सुतळी. टीव्हीचा रिमोटसुद्धा हरवू नये म्हणून टेबलाच्या पायाला बांधून ठेवलेला. त्यामुळे चॅनल बदलायचं तर टेबलाजवळ खाली वाकावं लागायचं. मी एकदा म्हटलं, "काका, रिमोट असतो तो उठायला लागू नये म्हणून." तर म्हणाले, "मास्तरीणबाई, उठायला लागलं तरच मानूस इचार करतो, बदलायचं का न्हाई."

मी मूळची घोडेगावची. नारायणगावच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा वारूळवाडीत त्यांच्या घराच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. काकांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले, त्यांनी दुकान घातलं. तिसऱ्या पिढीपर्यंत घरातली मारवाडी काकूंशी भांडण्यापुरती उरली होती, आणि बाकी सगळा कारभार जुन्नर तालुक्याच्या अस्सल मराठीत. नारायणगावात बाजाराच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. सुतळी, तार, ताडपत्री, क्रेट. टोमॅटोचे वेल बांबूला बांधायला सुतळी लागते, द्राक्षाच्या मांडवाला तार लागते. आसपासच्या गावांतले लोक पिकअप गाड्या घेऊन यायचे आणि "शेठ, दोन बंडल द्या" म्हणत दारातच उभे राहायचे.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते.

"कांदा खाता?"

मला माहीत होतं, जैनांचं घर. तरी म्हटलं, "खाते."

"बटाटा?"

"तोही खाते."

"खरं बोलता. खोली तुमची." मग उठता उठता म्हणाले, "फकस्त वाऱ्याची दिशा बगून फोडनी घालत जावा."

सूर्य बुडाला की काकांचं तोंड बंद व्हायचं, म्हणजे खाण्यापुरतं. पाण्याचा थेंबही नाही. बोलण्यासाठी मात्र ते तेव्हाच उघडायचं. दिवसभर गिऱ्हाइकांशी मोजकं बोलणारा हा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून ज्याला त्याला ऐकवायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "सुतळी आन् शब्द, जादा वढला की तुटतो." हे ते कुणालाही सांगायचे, भावाभावांच्या भांडणात, नवराबायकोच्या भांडणात, एकदा तर ग्रामसेवकालासुद्धा. आणि हे वाक्य आलं की आतल्या खोलीत काकूंची भांडी जरा जोरात वाजायची.

भांडी का वाजतात ते मला सहा-सात महिन्यांनी कळलं.

काकू रोज सकाळी माझ्या माडीवर यायच्या. "मिरच्या वाळत घातल्यात, बघून येते." गच्चीवर जायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलायच्या. उन्हाळ्यात ठीक होतं. पण श्रावणाच्या झडीतही त्या मिरच्या बघायला वर यायला लागल्या तेव्हा मी हसले, आणि त्याही हसल्या, मग डोळे पुसून खाली बसल्या. मुलगा होता. एकुलता एक. वीस-बावीस वर्षांपूर्वी इंजिनिअर होऊन कॅनडाला गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि लग्न झाल्यावर फोन करून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर मुलाचा फोन त्यांनी कधीच उचलला नाही. सुरुवातीला दर रविवारी घंटी वाजायची, मग सणासुदीला, मग फक्त काकूंच्या मोबाइलवर, गच्चीवर.

"त्यांना माहीत नाही?" मी विचारलं.

"काय माहीत," काकू म्हणाल्या.

माहीत होतं. मी बघितलं होतं ना. काकू वर असताना काकांना काही कामानं माडीवर यायचं असलं तर ते जिन्याच्या तळाशी उभे राहून खोकायचे. चांगलं मोठ्यानं. मग थांबायचे. मग परत एकदा खोकायचे आणि मगच पायरी चढायचे. तेवढ्यात काकूंचा फोन पदराखाली गेलेला असायचा. वर येऊन काका मिरच्यांकडे बघून म्हणायचे, "वाळल्या का?" आणि काकू म्हणायच्या, "वाळतायत."

एका शनिवारी मी सकाळची शाळा करून घरी आले होते. दुपारी जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि खोकला आला नाही. मी दार उघडलं तर काका. दुकानातून थेट आलेले, खांद्यावर सुतळीची तुसं.

"मास्तरीणबाई, एक विंग्रजी हाय. तोंडात धरून आनलंय, सांडायच्या आत बगा."

"बोला काका."

त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द ठेवला. "यू. नेव्हर. पिकअप."

"कोण म्हणालं?"

"हाय एक गिऱ्हाईक. दुकानाच्या फोनवर." मग चिडून म्हणाले, "म्हंजे माझ्याकडं पिकअप न्हाई असंच ना? हिला कुनी सांगितलं? मला गाडी लागती तवा बाळूची पिकअप हाय की दारात. मी तिला तसं म्हनलो बी. बाळूची पिकअप, बाळूची पिकअप. तर रडायला लागली."

"गिऱ्हाईक बाई आहे?"

"पोरगी हाय," काका म्हणाले. भिंतीकडे बघत म्हणाले. "पयलं दादाजी म्हनली."

बाळू म्हणजे त्यांच्या दुकानाचा माल पोचवणारा गाडीवाला, आणि पिकअप म्हणजे नारायणगावात एकच, टोमॅटोचे क्रेट वाहणारी ती छोटी मालगाडी. त्या माणसानं आयुष्यात दुसरी पिकअप ऐकलीच नव्हती. मी शक्य तितक्या हळू सांगितलं. "काका, ही गाडी नाही. पिक अप म्हणजे उचलणं. फोन उचलणं. ती म्हणतेय, तुम्ही कधी फोन उचलत नाही."

काका तिथेच उंबऱ्यावर बसले.

"कदीच न्हाई, असं म्हनली?"

"नेव्हर म्हणजे कधीच नाही."

"आज उचलला की."

"दुकानाचा उचललात."

खालून काकूंनी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मलाच विचारलं, "ह्या एका शब्दाला अर्थ किती असत्यात वो?"

"या शब्दाला बरेच आहेत."

"मंग समदे सांगा. पुन्यांदा तिचा फोन आला आन् मी परत गाडीचंच बोललो तर?"

अशी आमची शिकवणी सुरू झाली. संध्याकाळचं जेवण उरकलं की काका जिन्यावर येऊन बसायचे, मी वरच्या पायरीवर, ते खालच्या. पहिल्या दिवशी मी मुलांचं पुस्तक काढलं तर त्यांनी ते मिटून बाजूला ठेवलं. "ए फॉर ॲपल मला नको. त्यो धंदा लांबचा हाय, माझं वय न्हाई. एकच शब्द द्या. पन पुरा द्या."

मी इतकी वर्षं शिकवतेय. तीस-तीस वाक्प्रचारांचे अर्थ एका तासात फळ्यावर लिहून देते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. एका शब्दापाशी महिनोन्महिने बसलेला विद्यार्थी मला तो एकच भेटला.

पहिला अर्थ सोपा होता. क्रेट उचलणं. दुसरा फोन उचलणं, तो झालेलाच होता आणि त्याचा सराव काकांना नको होता. तिसऱ्या अर्थाला मात्र ते उडालेच. बाजार सुधारला, धंद्यानं वेग घेतला, तरी इंग्रजीत पिक अपच म्हणतात असं मी सांगितलं तेव्हा ते जिन्यावरच ओरडले, "हे तर मला येत व्हतं! आज टोमॅटोनी पिकअप घेतला, आसं आमी रोज म्हनतो. म्हंजे विंग्रज बी आपल्या बाजारात येऊन गेल्यात."

सर्दीच्या अर्थावरून मात्र आठवडाभर वाद झाला. आजार लागला तर इंग्रजीत सर्दी 'पिक अप' केली म्हणतात, हे त्यांना पटेना.

"सर्दी कुनी मुद्दाम वाकून उचलतं का? सर्दी मानसाला उचलती."

आतून काकू म्हणाल्या, "तुमी उचलता. थंडीत उघड्या डोक्यानं पहाटं फिरता."

दुसऱ्या दिवशी काका कानटोपी घालून जिन्यावर आले आणि मला म्हणाले, "ठिवा त्यो अर्थ. बाईमानसाला कळलाय म्हंजे बरोबर असंल."

जाता जाता वाटेत काहीतरी घेऊन येणं, हाही एक अर्थ होता. तो त्यांना फार आवडला आणि त्याचा प्रयोग त्यांनी लगेच बाळूवर केला. बाळू माल टाकायला निघाला होता. काका दुकानातून ओरडले, "बाळू, येताना पिक अप मिल्क!" बाळूनं एवढंच ऐकलं, पिकअप आणि मिल्क. त्याला वाटलं, शेठनी दुधाचं भाडं धरलंय. माल टाकून तो गाडी घेऊन सरळ डेअरीवर गेला आणि संध्याकाळपर्यंत कॅनसाठी तिथे उभा राहिला. काकूंना चहा बिनदुधाचा करावा लागला. रात्री बाळू येऊन मला म्हणाला, "मॅडम, शेठला काय बी शिकवा, पन गाडीचं नाव घिऊन शिकवू नका राव."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शब्दांच्या जागेवरून. काका घोकायचे, "पिक अप मी, पिक अप मी." मी सांगितलं, काका, असं नाही. पिक मी अप. 'मी' मधे येतो.

"पन तुमीच काल म्हनला, पिक अप द क्रेट चालतं."

"क्रेट चालतो. पिक अप द क्रेट म्हणा नाहीतर पिक द क्रेट अप म्हणा, दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं."

"सर्वनाम म्हंजे?"

"नावाऐवजी येतं ते. मी, तू, तो, ती."

काकांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे घरातली मानसं," ते म्हणाले. "घरात कुनी नाव घिऊन बोलत न्हाई. हिला मी कदी नावानं हाक मारली न्हाई, ती मला अहो म्हनती. ज्याचं नाव घ्यायला लागतं त्यो लांबचा." मग एकदम चेहरा उजळला. "बाळूच्या गाडीवानीच हाय की मंग! पुढं तीनच सीट. क्रेट कुठंबी ठिवा, मागं ठिवा, पुढं ठिवा. पन आपला मानूस मधी बसवायचा, म्हंजे दाराकडनं पडत न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी वर्गात हे असंच्या असं सांगितलं. त्या वर्गातल्या एकाही मुलानं पुढे 'पिक अप मी' लिहिलं नाही.

नातीचा फोन दुकानावर यायला लागला होता. तिचं नाव रिया. आपल्याकडे दुपार असायची तेव्हा तिकडे रात्र, ती जागून करायची. काका फार बोलायचे नाहीत. "हॅलो. यस. टोमॅटो मार्केट पिक अप," एवढं सांगायचे आणि ती हसली की तेही हसायचे. तिच्या बापाचं नाव दोघांपैकी कुणी घ्यायचं नाही.

एका संध्याकाळी काकूंचा मोबाइल हातात घेऊन काका जिन्यावर आले. काकूंचा मोबाइल त्यांच्या हातात मी पहिल्यांदाच पाहिला. त्यावर रियाचा आवाजी निरोप होता. पुण्याच्या एका कॉलेजात काही महिने शिकायला ती येणार होती, सकाळच्या विमानानं पोचणार होती. आणि शेवटी तिनं विचारलं होतं, "दादाजी, विल यू पिक मी अप?"

काकांनी तो निरोप मला तीन-चारदा ऐकवला.

"मी मधी बसवलाय तिनं," ते म्हणाले. "बरोबर बसवलाय. पन अर्थ कंचा? न्यायला या म्हनती का उचलून घ्या म्हनती?"

"न्यायला या म्हणतेय काका. लहान मूल असतं तर उचलून घ्या असा झाला असता."

"दोन्ही न्हाई ना?"

"नाही. ती कॉलेजातली मुलगी आहे."

काकांनी मोबाइल पालथा करून पायरीवर ठेवला. "ल्हान व्हती तवा उचलायची राहिली," एवढं म्हणाले आणि खाली गेले.

न्यायला जायचं ठरलं. मी भाड्याच्या मोटारीची चौकशी केली तर काकांनी ऐकून घेतलं नाही. गाडी बाळूचीच. काकूंनी येणार नाही म्हणून सांगितलं. "दोघंही गेलो तर रडायला लागल्यावर कुणी कुणाला आवरायचं?" त्या म्हणाल्या. "मी सैपाक करते." बाळूनं आदल्या दिवशी गाडी धुऊन आणली होती, सीटवर कोरी चादर घातली होती, तरी आत टोमॅटोचा वास होताच. जाताना मधे मी बसले आणि खिडकीशी काका, मांडीवर खाखऱ्यांचा डबा. मंचर गेलं, खेड गेलं, काका ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. चाकणला गाड्यांची रांग लागली तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला.

"मास्तरीणबाई, वळकू कशी? फोटू मी काय बगितलेला न्हाई."

काकूंच्या मोबाइलवर सगळे फोटो होते. त्यांनी एकदाही मागितले नव्हते, आणि काकूंनीही कधी दाखवले नव्हते. मी म्हटलं, "मी पाहिलेत. मी ओळखीन."

पण विमानतळाच्या दाराशी माणसांचा लोंढा बाहेर आला तेव्हा मी अजून चेहरे चाळत होते आणि काकांनी माझा दंड धरला. "ती बगा. निळी पिशवीवाली. माझ्या आईची चाल हाय."

तीच होती. उंच, केस कापलेले, पाठीवर मोठी पिशवी. तिनं काकांना पाहिलं, पिशवी खाली टाकली आणि बापानं शिकवलेलं असणार म्हणून पाया पडायला वाकली. ती वाकायच्या आत काकांनी तिला दोन्ही काखांत धरलं आणि उचललं. खरोखर उचललं. त्या माणसानं जन्मभर सुतळीचे गठ्ठे उचलले होते. तिचे बूट फरशीपासून वीतभर वर गेले. मला वाटलं, आता दोघं पडतात की काय. आजूबाजूचे लोक बघायला लागले. रिया आधी हसली, मग तिचं हसणं मोडलं आणि तिनं त्यांच्या खांद्यावर तोंड लपवलं.

काकांनी तिला खाली ठेवलं. धाप लागली होती. चष्म्याची सुतळी सुटून लोंबत होती. वाटभर जपून आणलेलं वाक्य त्यांनी काढलं. "आय. पिक. यू. अप."

"यस दादाजी," ती म्हणाली. "यू डिड."

मी तिथूनच त्यांचा निरोप घेतला. पुण्यात माझी बहीण राहते, तिच्याकडे जाते म्हटलं. तसं काही ठरलेलं नव्हतं, पण गाडीत पुढे तीनच जागा होत्या. काका घाबरले. "आं? मंग आमी बोलायचं कसं?"

"आत्ता बोललात तसं," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर काय झालं ते मला नंतर बाळूनं सांगितलं. पुरुषमाणूस, पण सांगताना तीनदा नाक ओढलं. रिया मधे बसली होती. चाकण ओलांडलं आणि तिच्या हातातला फोन वाजला. तिचा बाप. पोरगी सुखरूप पोचली का ते विचारायला तिकडे मध्यरात्रीही जागा राहिलेला. रियानं फोन आजोबांपुढे धरला आणि म्हणाली, "दादाजी, पिक इट अप."

"शेठ नुस्तं फोनकडं बगत बसलं," बाळू म्हणाला. "मी गाडी साईडला घेतली. म्हनलं देवा, रिंग संपायच्या आत उचलू दे. शेवटाला उचलला. कानाला लावला. मॅडम, दोघंबी बोलंनात. नुस्ता श्वास. मंग शेठ म्हनलं, 'पोचली. तुज्यावानीच लई बोलती.' आन् मंग म्हनलं, 'जेवलास का?' बास. येवढंच. फोन ठिवला आन् म्हनलं, बाळू, दार उघड. खाली उतरलं. रस्त्याकडंला कांद्याचं रान व्हतं, तिकडं तोंड करून उभं राह्यलं. बराच वेळ. परत आलं तर डोळं लाल. म्हनलं, कांद्यानं पानी आलं. मॅडम, उभ्या पिकातल्या कांद्यानं कदी डोळ्यात पानी येतं का?"

रिया पुण्यात होती तोवर दर शनिवारी एस.टी.नं नारायणगावला यायची. आता जिन्यावरच्या शिकवणीत मला कुणी विचारेना. काका तिला दुकानात गादीवर शेजारी बसवून मराठी शिकवायचे, त्यांच्याच पद्धतीनं, एक शब्द पण पुरा. पहिला शब्द 'लई' होता. लई ऊन, लई गोड, लई वंगाळ, लई दिसांनी आलात. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकावर तो वापरून झाला तेव्हाच दुसरा. मी एकदा तिला दुरुस्त करायला गेले, म्हटलं, व्हतं नाही गं, होतं. काकांनी मला तिथेच थांबवलं. "तुमचं पुस्तकातलं शाळेत ठिवा. दुकानात व्हतंच चालतं."

त्या वर्षी दिवाळीत मुलगा आला. मी ओट्यावर होते. टॅक्सीतून उतरला, केस पांढरे झालेला माणूस, फाटकाच्या कडीशी अडखळत उभा राहिला. काकांनी उठून कडी काढून दिली. मी काहीतरी मोठं घडेल म्हणून वाट बघत होते, माफी, रडारड, निदान एखादा उंच आवाज. दोघं आत गेले, चहा प्यायले आणि थोड्या वेळानं काका म्हणाले, "दुकानात गठ्ठे आल्यात, वजन करून घ्यायचंय. येतोस का?" तो लगेच चपला घालायला उठला. त्या जुन्या विषयाला दोघांनी पुढेही कधी हात लावला नाही. काकूंनी मात्र त्या दिवसापासून गच्चीवर मिरच्या वाळत घालायचं सोडून दिलं.

पुढे माझी बदली मंचरला झाली, लग्न झालं, संसार लागला. नारायणगावला जाणं सणासुदीपुरतं उरलं. गेले की काका ओट्यावरूनच विचारायचे, "नवा शब्द काय आनला?" मी एखादा सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. "ऱ्हाऊ द्या. माझा एक अजून पुरा झाल्याला न्हाई."

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी फिरून आले, कानटोपी काढली, पाटावर बसले आणि गेले. मला निरोप उशिरा मिळाला. मी पोचले तेव्हा चार-पाच दिवस होऊन गेले होते, कॅनडाची मंडळी येऊन पोचली होती. काकूंना भेटले. त्या माझा हात धरून बसल्या. मुलगा कुठे आहे विचारलं तर दुकानाकडे गेलाय म्हणाल्या. टोमॅटोची लागण चालू आहे, लोक सुतळीसाठी येऊन परत जातायत, ते त्यांना आवडलं नसतं, म्हणून त्यानं आणि रियानं अर्धं शटर वर घेतलंय.

मी दुकानाकडे गेले. मुलगा मागे गोदामात होता. काकांच्या जागेवर रिया बसली होती, डोळे सुजलेले, खांद्यावर सुतळीची तुसं. मी काही बोलणार तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. बेल्ह्याकडचा एक म्हातारा शेतकरी, डोक्याला मफलर, त्याला काही कळलेलं नव्हतं. शटरखालून वाकून त्यानं आत बघितलं आणि नेहमीसारखी हाक दिली, "शेठ हायेत का?"

रिया उठली. गल्ल्याच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"दादाजी न्हाईत आता, बाबा," ती म्हणाली. "शनवारी गेलं. या, आत या. तुमाला सुतळी किती पायजे व्हती?"

म्हाताऱ्यानं मफलर सोडला, हातात धरला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला, या परक्या दिसणाऱ्या पोरीच्या तोंडातून हा ओळखीचा आवाज कुठून येतोय ते त्याला कळेना.

"तू कोन गं पोरी?"

"मी त्यांची नात."

"हां," म्हातारा म्हणाला. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, आत आला आणि दुकानाच्या थंड फरशीवर मांडी घालून बसला. "मंग सुतळी ऱ्हाऊ दे घडीभर. आदी मला सांग, कसं झालं."

आणि ती त्याच्या समोर खाली बसली आणि सांगायला लागली.